मला ऐकू आलं होतं

सॉल्ट लेक, कोलकाता
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. सुलभाताई,

वाकून नमस्कार. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की बराकपूरला नदीवरून येणारं वारं बोचायला लागलंय आणि उजवा गुडघा धरतोय. शेक घेत असालच. इकडे आम्ही तिघंही बरी आहोत. मानसीची बारावीची सराव परीक्षा चालू आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद. माझं बोटीवर उतरलेलं आठ किलो वजन परत यायला लागलंय. तुम्ही पाठवलेले डिंकाचे लाडू संपत आले.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर मी फार गोड बोलते, ताई. हल्ली माझा तो आवाज मलाच सहन होत नाही. आणि समोर आले तर तुम्ही चहा टाकाल, पोहे कराल, भावोजींच्या फोटोला आणलेलं फूल माझ्या हातात द्याल, आणि मी काही न बोलता परतीची गाडी पकडेन. असं दोनदा झालं आहे. म्हणून कागद घेतला.

काल मंडळात माझा सत्कार झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडूनच ठेवला होता, म्हणून तुम्हाला बोलावणं नव्हतं. मी विचारलं तेव्हा, "त्यांनाच अवघडल्यासारखं होईल हो," असं उत्तर आलं. चार वर्षांपूर्वी भावोजी होते तेव्हा याच बायका तुमच्याकडे फोर्ट विल्यममधल्या बंगल्यावर जेवून गेल्या होत्या. मला चीड आली, पण मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

शाल, नारळ आणि प्लॅस्टिकच्या होडीचं स्मृतिचिन्ह. अध्यक्ष चारुदत्तजींनी मला सागरकन्या म्हटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी कन्या. लोकांनी डॉल्फिन दिसले का विचारलं, मी दिसले म्हटलं. भीती वाटली का विचारलं, तर सुरुवातीला थोडी, म्हटलं. ऑफिसातही गेल्या आठवड्यात हेच झालं. सेक्टर फाइव्हच्या त्या काचेच्या हॉलमध्ये दीडशे पोरापोरींसमोर मी जिद्दीवर पाऊण तास बोलले. शेवटी टाळ्या पडल्या.

बोटीचं खरं वर्णन मी कुणाला केलेलं नाही. शर्यतीच्या दक्षिणेकडच्या टप्प्यात केप टाउनहून ऑस्ट्रेलियाला जायला आमच्या शिडाच्या बोटीला तेवीस दिवस लागले. वीस माणसं आणि दोन संडास. हाताने पंप मारला की घाण बाहेर जायची, आणि बोट कलली की परत वर यायची. झोपायची फळी दोघांत एक. मी उठले की माझ्याच ओल्या पिशवीत दुसरी बाई शिरायची आणि ती उठली की तिच्या उबेत आणि घामात मी. सगळ्याला डिझेलचा, ओल्या मोज्यांचा आणि ओकारीचा मिळून एक वास. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी स्पंजने टिपून काढायची पाळी असायची, त्यात केस, भात, तेल. हे सगळं मी केलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हेच नवल. माणसाच्या शरीराच्या घाणीची सवय होते. घरी येऊन साबणाने धुतली की जाते.

ग्वेनच्या अपघाताचं तुम्हाला सांगितलंच आहे. ती वेल्सची, एकसष्ट वर्षांची, निवृत्त नर्स. बाराव्या दिवशी दुपारी वारा वाढला आणि पुढचं शीड उतरवायचं ठरलं. ती पुढे टोकाला होती, मी डोलकाठीपाशी, शीड वर धरून ठेवणारा दोर माझ्या हातात. कप्तानबाईंनी दोर धरून ठेवायला सांगितलं, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, दोर सुटला, शीड अर्धवट कोसळलं आणि ग्वेन आपटली. दंड मोडला, दोन बरगड्या गेल्या. बंदर अकरा दिवस लांब होतं. तेवढे दिवस ती फळीवर पडून होती आणि मी तिला चमच्याने लापशी भरवत होते. काल चारुदत्तजींनी तेही सांगितलं. सेवाभाव म्हणाले.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. सत्काराच्या शेवटी त्यांनी अजेयलाही स्टेजवर बोलावलं. खांद्यावर हात ठेवून माईकमध्ये म्हणाले, "अजेयरावांनी बहिणीला परत आणवलं आणि बायकोला पाठवून दिलं. आता यात कोणाची काळजी जास्त होती, हे ज्यानं त्यानं ठरवावं." सगळा हॉल हसला. म्हणजे ताई, मंडळातही सगळ्यांना ठाऊक आहे. अजेयही हसला. शाल सरळ करत, खाली बघत, तो चांगला हसला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या हातात नारळ होता.

मानसी मात्र हसली नाही. परत येताना टॅक्सीत ती म्हणाली, "बाबा, तू आत्याची कम्प्लेंट खरंच केली होतीस?" तो म्हणाला, "नाही गं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं.

तुमचाही बसला नव्हता. आणि ते साहजिक होतं. तुमचा डावा कान लहानपणी गालगुंडांत गेला, हे तेव्हा जिवंत माणसांत दोघांनाच माहीत होतं, तुमच्या भावाला आणि मला. तुम्ही शर्यतीला जाणार म्हटल्यावर तो भडकला होता. "फॉर्मवर खोटं लिहिलं आहेस, मी त्यांना कळवीन," असं तुमच्याच घरी, माझ्यासमोर म्हणाला होता. मग जूनमध्ये इंग्लंडला प्रशिक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला अचानक कान तपासायला पाठवलं आणि तीन दिवसांत घरी. दुसरं कोण असणार?

दिवाळी, राखी, तुमचा वाढदिवस सगळं तसंच गेलं. भाऊबीजेला मानसीनं पाटाभोवती रांगोळी काढली होती. तो आंघोळ करून, नवा सदरा घालून दीड वाजेपर्यंत जेवला नाही.

इथे थांबते. कुकरची शिट्टी झाली. दुसरंही कारण आहे.

*

मंगळवार, २० जानेवारी

ताई, काल संध्याकाळी अजेयला सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

कानाचं मी सांगितलं.

कोणत्या दिवशी, तेही सांगते. आठवतं का, इंग्लंडला प्रशिक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी आपण दोघी बोटीवर खाडीतून बाहेर पडलो आणि लाटा सुरू झाल्या? मी बादलीवर वाकलेली होते आणि तुम्ही सुकाणूवर. हैदराबादच्या तलावात भावोजींनी तुम्हाला छोटी शिडाची होडी शिकवली होती, त्याला पंचवीस वर्षं झाली असतील, पण तुमचे हात विसरले नव्हते. कप्तानबाई तुमच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या. तुम्ही त्यांना बोलत बोलत तिथे आणून उभं केलंत, हे फक्त मला कळलं. एकोणीस वर्षं मी जेवायला तुमच्या उजवीकडे बसत आले आहे.

या सगळ्याची सुरुवात माझी होती. नवख्यांनाही घेणाऱ्या त्या शर्यतीची जाहिरात मी पाहिली. भावोजी गेल्यावर तुम्ही घराबाहेर पडेनाशा झालात, म्हणून तुम्हाला ओढून काढायचं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. आमच्या इमारतीचे तेरा मजले पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन मी रोज चढले. तुम्ही बाल्कनीच्या गजाला दोराच्या गाठी मारायचा सराव करायचात आणि मला फोटो पाठवायचात. माझ्या मनात चित्र असं होतं की मी पुढे आणि तुम्ही माझा हात धरून मागे. मी तुम्हाला नेणार, तुम्ही माझे उपकार मानणार. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

त्या दिवशी दुपारी बोट धक्क्याला लागल्यावर कप्तानबाईंनी मला बाजूला घेतलं. सरळ बाई. म्हणाल्या, तुझी तयारी कमी पडते आहे, दक्षिणेच्या टप्प्याचा आग्रह धरू नकोस, पुढच्या वर्षी सौम्य टप्पा घे. मग तुमच्याकडे बघून म्हणाल्या, त्यांची मला चिंता नाही, त्यांना मी कुठेही नेईन. तुम्ही धक्क्यावर बसून प्रशिक्षणातल्या पोरांना गाठ शिकवत होतात. सगळे हसत होते. मी कपडे बदलले, तोंड धुतलं, चहा घेतला आणि त्यांच्या ऑफिसात गेले. रागाच्या भरात गेले असते तर निदान काहीतरी म्हणता आलं असतं. चहा पिऊन गेले मी.

तिथे मी काळजीच्या आवाजात बोलले. नणंदेच्या जिवाची भीती वाटते, म्हटलं. डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी माझे आभार मानले आणि नाव कुणाला कळणार नाही, असा शब्द दिला. तो त्यांनी पाळला. एवढंच म्हणाल्या, "हे त्यांनी फॉर्मवर लिहिलं असतं, तर मी मार्ग काढला असता. लपवलं, म्हणून मला पाठवावंच लागेल." आठवड्याभराने त्या टप्प्यावरची रिकामी जागा मला मिळाली. तुमची.

लपवलंत ते तुमचं चुकलंच, ताई. ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही, म्हणून लिहिते. उद्या आज्ञा ऐकू आली नसती आणि कुणाला लागलं असतं, तर? हा प्रश्न योग्य आहे. मी तो कप्तानबाईंना विचारलाही. पण विचारताना मला त्या कुणाची काळजी नव्हती.

तुम्हाला पाठवलं तेव्हा तुम्ही माझ्या खोलीत येऊन तुमचं जाकीट, हातमोजे, बूट माझ्या पलंगावर ठेवलेत. "मला आता काय करायचेत, तुझ्या अंगाला होतील," म्हणालात. मग म्हणालात, "अजेयनं केलं शेवटी." त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की त्याने नाही केलं. तुमची बॅग भरून होईपर्यंत मी तिथे उभी होते. जाकिटाची चेन खालीवर करून बघत होते.

तिथून पुढे रोज सोपं होत गेलं. तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत. माझ्याशी मात्र जास्तच मायेनं वागायला लागलात, मी तरी जाते आहे म्हणून. भाऊबीजेला सकाळी तुमचा फोन आला. मी बाल्कनीत उभी राहून अर्धा तास बोलले, थंडीचे मोजे कुठले घ्यायचे ते विचारलं. आत तो पाटाशेजारी बसला होता. डिसेंबरात विमानतळावर तुम्ही एका दारापाशी फुलं घेऊन आणि तो मानसीला घेऊन दुसऱ्या दारापाशी. मी बाहेर आले आणि आधी तुमच्याकडे आले. मला त्याचं वाईट वाटू नये म्हणून त्याने लगेच हात हलवला.

आता ग्वेनचं. रविवारी लिहिलं ते खोडत नाही, तुम्हाला दिसू दे की मी अजून कशी लिहिते.

मला ऐकू आलं होतं. "धर, सोडू नकोस." वारा होता, पण कप्तानबाईंचा आवाज वाऱ्यावर स्वार व्हायचा. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. समोरून लाट आली, हिरवी, भिंतीसारखी, आणि मी दोर सोडून दोन्ही हातांनी कठडा धरला. पट्ट्याने बोटीला बांधलेली होते, वाहून गेले नसते. तरी सोडला. मग ग्वेन ओरडली.

नंतर खाली कप्तानबाई वही घेऊन बसल्या. काय झालं, म्हणाल्या. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. ताई, जगात इतकी कारणं असताना तोंडात आलं ते हेच. तुम्हाला ज्या गोष्टीवरून मी घरी पाठवलं होतं, तीच मी पांघरली, आणि ती मला उबही देऊन गेली. त्यांनी लिहून घेतलं. ग्वेननं तर माझा हात थोपटला आणि म्हणाली, अशा वाऱ्यात कुणालाच ऐकू येत नाही. अकरा दिवस मी तिला भरवत होते ती सेवा नव्हती. तिनं दुसऱ्या कुणाशी जास्त बोलू नये, म्हणून मी तिथे बसायची.

काल ऑफिसातून परत आल्यावर अजेय भांड्यांच्या कपाटाची बिजागरी बसवत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो स्क्रू फिरवत होता तो फिरवतच राहिला, घट्ट बसला तरी. मग म्हणाला,

"मला वाटायला लागलं होतं की मीच कुणाजवळ तरी बोललो असेन. ऑफिसात, कुठेतरी. आणि विसरलो असेन. सात महिने मी आठवतोय."

मी माफी मागायला लागले तर त्याने हात वर केला. "ताईला कळलंय?" नाही म्हटलं. "मग माझ्याशी नंतर बोल." आज सकाळी तो डबा न घेता गेला. मानसीला काय सांगायचं, ते मीच सांगायचं ठरलं आहे. तिची परीक्षा शुक्रवारी संपते.

काल रात्रीच बसून मी कप्तानबाईंना ईमेल केली, नोंद दुरुस्त करा म्हणून. ग्वेनलाही वेगळी लिहिली. तिचं उत्तर आज दुपारी आलं. एकच ओळ आहे. "मला माहीत होतं, मी तुझ्या हातांकडेच बघत होते." वर मायना नाही, खाली सही नाही. म्हणजे तिने सगळं बघितलं होतं आणि तरी माझ्या हातून लापशी खाल्ली, कारण तिला दुसरा इलाज नव्हता.

मला तुमच्याकडून क्षमा नको आहे. खोटं लिहिलं. हवी आहे, पण मागणार नाही. एकच मागते. अजेय या रविवारी सकाळी सियालदहहून निघून तुमच्याकडे येतो आहे. मी येणार नाही. त्याने काही केलेलं नाही, ताई. दार उघडा. आणि उत्तर द्यावंसं वाटलं, तर ते मला नको, त्याला द्या.

विनीता

*

बराकपूर
सोमवार, २६ जानेवारी २०२६

विनीता,

पत्र गुरुवारी मिळालं. दोनदा वाचलं. उत्तर कुणाला द्यायचं, हे तू ठरवायचं नाहीस, म्हणून तुलाच लिहिते आहे.

अजेय काल आला. दार उघडल्यावर मी त्याची माफी मागितली. तो नको नको म्हणत होता, पण मी पूर्ण मागितली. माझ्या सख्ख्या भावाचा शब्द मी मानला नाही, आणि ज्या माणसानं घाव घातला त्याला लाडू पाठवले. याची मला लाज वाटते, आणि ती तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तो जेवला. दुपारी दिवाणावर झोपला. उठल्यावर त्याला ओवाळलं. तारीख चुकली, एवढंच.

फॉर्मवर मी खोटं लिहिलं, ते माझं. तू जाऊन सांगितलंस, तेही एक वेळ समजू शकते. हेवा मलाही माहीत आहे. ग्वेनच्या बाबतीत तू घाबरलीस. घाबरतात माणसं. ह्यांच्या पलटणीतली चांगली चांगली माणसं घाबरलेली मी ऐकली आहेत. पण भाऊबीजेच्या दिवशी मोज्यांवर अर्धा तास बोललीस, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा लाट नव्हती, वारा नव्हता. मला त्या फोनवरचं तुझं हसणं आठवतं. उजव्या कानाने ऐकलेलं.

मानसीची परीक्षा संपली असेल, तिला इकडे पाठव. तिला मी काही सांगणार नाही, तू आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

शर्यतवाल्यांना मी पुन्हा लिहिलं आहे. डावा कान बंद, असं पहिल्याच ओळीत. वय चौपन्न, तेही खरं. घेतील न घेतील. काही झालं, तर कुणाला कळवायचं, या रकान्यात अजेयचं नाव घातलं आहे.

तू घरी यावंस असं मला आज वाटत नाही. उद्याचं माहीत नाही.

अजेयची बहीण,
सुलभा